लहान दुर्बिणींची पारख: दोन दुर्बिणी शेजारी ठेवून काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने

८×२५ असा आकडा छापलेल्या दोन दुर्बिणी कागदावर तंतोतंत सारख्या असतात. डोळ्यांना लावल्यावर मात्र एकीतून झाडाच्या सालीवरची प्रत्येक भेग सुटी दिसते आणि दुसरीतून त्याच सालीवर फिकट पांढरट झाक पसरलेली असते. हा फरक खोक्यावरच्या माहितीत कोठेही लिहिलेला नसतो, आणि विक्रेत्यासमोर उभे राहून दोन मिनिटे समोरची भिंत पाहिल्यानेही तो कळत नाही. त्यासाठी दोन्ही दुर्बिणी एकाच वेळी, एकाच प्रकाशात, एकाच वस्तूवर रोखाव्या लागतात आणि एका वेळी एकच गुण तपासावा लागतो. पुढे दिलेला क्रम साधारणपणे २० ते २८ मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग (दृश्याकडचे पुढचे भिंग) असलेल्या लहान दुर्बिणींसाठी आहे. मोठ्या दुर्बिणींनाही तो बराचसा लागू पडतो. परंतु लहान दुर्बिणीत प्रकाश मुळातच मोजका असतो आणि डोळा नेमक्या जागी बसवण्याला फारशी सवलत नसते, त्यामुळे काही चाचण्यांना येथे अधिक महत्त्व येते.

आधी आकड्यांची पडताळणी

८×२५ मधील पहिला आकडा विवर्धनाचा (वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा) आणि दुसरा वस्तुभिंगाच्या व्यासाचा असतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×२५ मध्ये तो सुमारे ३.१ मिमी असतो, तर १०×२५ आणि ८×२० या दोन्हींत २.५ मिमी. भर उन्हात डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमी एवढीच उघडी असते, म्हणून दिवसा या सगळ्याच दुर्बिणी पुरेशा उजळ वाटतात. संध्याकाळी बाहुली ५ मिमीच्या पुढे जाते आणि मग झोत अपुरा पडून चित्र काळवंडते. ८×२५ आणि १०×२५ यांची तुलना करताना संधिप्रकाशात दिसणारा फरक बहुतांशी या गणिताचाच असतो, कारण झोताच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिलीचा झोत दुसरीच्या दीडपटीहून मोठा भरतो. त्याचे श्रेय किंवा दोष भिंगांच्या दर्जाला देऊ नये. शक्य असेल तर समान आकड्यांच्या दुर्बिणींचीच तुलना करावी. ते जमत नसेल, तर निदान विवर्धन तरी समान असावे.

माहितीपत्रकात कधी कधी ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आणखी एक आकडा असतो. विवर्धन आणि व्यास यांच्या गुणाकाराचे ते केवळ वर्गमूळ आहे. ८×२५ साठी ते १४.१ येते आणि १०×२५ साठी १५.८, म्हणजे ज्या दुर्बिणीचा झोत लहान तिलाच जास्त गुण मिळतात. भिंगे आणि प्रिझम (प्रकाश वळवून चित्र सुलटे करणारे काचेचे लोलक) किती प्रकाश पार होऊ देतात, याचा तर त्यात विचारच नाही. हा आकडा खुशाल बाजूला ठेवावा.

छापलेला व्यास खरोखरच वापरला जातो का, हे मात्र घरीच तपासता येते. दुर्बीण अनंत अंतरावर फोकस करावी, अंधाऱ्या खोलीत नेत्रिकेच्या मागे थोड्या अंतरावर टॉर्च धरावा आणि वस्तुभिंगाला जवळजवळ टेकवून पांढरा कागद धरावा. कागदावर पडलेल्या प्रकाशवर्तुळाचा व्यास पट्टीने मोजावा. २५ मिमीच्या भिंगातून २२ मिमीचेच वर्तुळ आले, तर आतील एखादे कडे किंवा आकाराने कमी पडणारे प्रिझम झोत छाटत आहे असे समजावे. असे करण्यामागे प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. भिंगाच्या कडेकडून येणारे दोष लपवण्यासाठीही कडे लहान ठेवतात. तरीही अशी दुर्बीण नावापुरतीच २५ मिमीची राहते, आणि तुलनेच्या वेळी ही गोष्ट लक्षात असावी लागते.

मांडणी

हात थरथरत असताना तीक्ष्णतेबद्दल काहीही ठरवता येत नाही. बऱ्याच लहान दुर्बिणींना ट्रायपॉडवर बसवण्याची आटे असलेली जागा नसते; अशा वेळी स्थिर टेबलावर जाड टॉवेलची घडी किंवा वाळूची लहान पिशवी ठेवून दोन्ही दुर्बिणी शेजारी शेजारी ठेवाव्यात. लक्ष्य २० ते ३० मीटरवर असावे. त्याहून लांबचे लक्ष्य घेतले, तर तापलेल्या हवेचे थरथरणेच दुर्बिणीचा दोष म्हणून नोंदले जाते. ढगाळ सकाळ या कामासाठी सर्वांत चांगली. खिडकीच्या बंद काचेतून कधीही चाचणी करू नये, कारण खिडकीची काच विवर्धनाच्या दृष्टीने अगदीच ओबडधोबड असते. भिंगांवरील बोटांचे ठसे आधी नीट पुसून घ्यावेत. नेत्रिकेवरचा एक तेलकट ठसा चांगल्या दुर्बिणीला सामान्य दुर्बिणीच्या पंक्तीला नेऊन बसवतो.

त्यानंतर डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारे कडे, लावावे. उजवे वस्तुभिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाच्या साहाय्याने फोकस करावे, मग डावे भिंग झाकावे आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरचे कडे फिरवून चित्र स्पष्ट करावे. काही नमुन्यांत हे कडे दुसरीकडे असते, पण पद्धत तीच. ही पायरी गाळली, तर उरलेली सगळी तुलना व्यर्थ जाते, कारण तेव्हा आपण दुर्बिणींची नव्हे, तर फोकसच्या चुकांची तुलना करत असतो.

मध्यभागाची तीक्ष्णता

पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांचे लहान होत जाणारे गट छापून ते लक्ष्य म्हणून लावावेत. १९५१ चा यूएसएएफ (अमेरिकी हवाई दलाचा) तक्ता याच तत्त्वावर आधारलेला आहे आणि त्यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून सुमारे १२ टक्के बारीक असते. तो नसेल, तर वेगवेगळ्या आकारांतील छापील मजकूरही चालतो. प्रत्येक दुर्बिणीतून कोणत्या गटापर्यंत रेषा सुट्या दिसतात, ते लिहून ठेवावे.

बहुतेक वेळा दोन्हींचा निकाल जवळजवळ सारखाच येतो आणि पाहणारा गोंधळतो. त्याचे कारण असे, की २५ मिमीच्या निर्दोष भिंगाची विभेदनमर्यादा, म्हणजे दोन बिंदू सुटे दिसण्यासाठी लागणारा किमान कोन, सुमारे ४.६ विकला असते (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आठपट विवर्धनानंतर ती डोळ्यासमोर ३७ विकलांएवढी होते, तर सामान्य निरोगी डोळा साधारणपणे ६० विकलांचे तपशील वेगळे करू शकतो. म्हणजे दुर्बीण थोडी सदोष असली, तरी आधी अडतो तो डोळा. शिवाय भर दिवसा बाहुली २ मिमीची असेल, तर आठपट विवर्धनाच्या दुर्बिणीच्या वस्तुभिंगाचा मधला १६ मिमी भागच प्रत्यक्ष उपयोगात येतो. भिंगाचा दोषप्रवण बाहेरचा भाग बाहुलीबाहेरच राहतो. दुपारी सारख्या वाटलेल्या दोन दुर्बिणी सायंकाळी वेगळ्या का वाटतात, याचे एक उत्तर येथे आहे.

खरा फरक उघड करायचा असेल, तर तपासायच्या दुर्बिणीच्या नेत्रिकेमागे दुसऱ्या एखाद्या चांगल्या दुर्बिणीची एक नळी धरून त्यातून पाहावे. आठपटीच्या मागे आठपट आली, की एकूण ६४ पट विवर्धन होते, संपूर्ण भिंगातून आलेला प्रकाश वापरला जातो आणि डाव्या-उजव्या नळ्यांमधील तफावतही लपत नाही. या चाचणीत दिसणारे सगळेच दोष रोजच्या वापरात जाणवत नाहीत, म्हणून तिच्यावर अंतिम निर्णय सोपवू नये. माझ्या मते तिचा खरा उपयोग एकाच दुर्बिणीच्या दोन नळ्या एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी आहे.

याच पायरीवर फोकसच्या चाकाचा अनुभवही नोंदवावा. चांगल्या दुर्बिणीत चित्र एका ठरावीक बिंदूवर झटकन जुळते आणि चाक जरा पुढे-मागे केले, की लगेच बिघडते. चाक बरेच फिरवूनही ‘आता बरोबर आले’ असे ठामपणे वाटत नसेल, तर गोलीय विपथनाचा (भिंगाच्या मधून आणि कडेतून आलेले किरण एकाच बिंदूवर न जुळण्याचा) किंवा प्रिझममधील दोषाचा संशय घ्यावा.

भरकटलेला प्रकाश: जेथे दुर्बिणी खऱ्या वेगळ्या ठरतात

तीक्ष्णतेत जवळजवळ बरोबरीत सुटणाऱ्या लहान दुर्बिणींना सर्वाधिक वेगळे पाडते ती एकच गोष्ट: नको असलेला प्रकाश त्या कसा आवरतात. काचेच्या लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर शेवटी दोन तृतीयांशच प्रकाश उरतो; तेच प्रत्येक पृष्ठभागावरील नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणले, तर ९५ टक्के उरतो. परावर्तन रोखणाऱ्या लेपांचे तंत्र त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केले, ते याच कारणाने. गेलेल्या प्रकाशाने चित्र थोडे मंद होते एवढेच असते, तर फारसे बिघडले नसते. परत फिरलेला प्रकाश नळीतच इकडेतिकडे आपटून अखेरीस डोळ्यात येतो आणि चित्रातील काळा रंग राखाडी करतो, हे अधिक नुकसानकारक आहे.

लेप तपासण्याची सोपी रीत अशी आहे. दुर्बीण छताच्या ट्यूबलाइटखाली धरून वस्तुभिंगात पाहावे. ट्यूबची अनेक प्रतिबिंबे आत एकामागे एक ओळीने दिसतात, आणि दुर्बीण जराशी कलवली की ती वेगवेगळ्या दिशांना सरकतात. सगळी प्रतिबिंबे मंद आणि हिरवट, जांभळी किंवा निळसर असतील, तर सर्व पृष्ठभागांवर लेप आहेत. त्यांच्यात एखादे पांढरे, ठसठशीत प्रतिबिंब चमकले, तर तो पृष्ठभाग उघडा आहे. हीच पाहणी नेत्रिकेच्या बाजूनेही करावी, कारण लेपांत काटकसर होते ती बहुधा आतल्या आणि मागच्या भिंगांवर. भडक लाल चमकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणी दिसायला आकर्षक असल्या, तरी त्या तांबडा प्रकाश बाहेरच परतवतात आणि आतले चित्र हिरवट-निळसर होते. त्यांच्यापासून लांब राहिलेले बरे.

आता प्रत्यक्ष चाचणी. सूर्य कलला असताना, तो एखाद्या इमारतीच्या किंवा जाड भिंतीच्या मागे पूर्णपणे झाकला जाईल अशी जागा निवडावी आणि त्याच दिशेला, सावलीत असलेल्या गडद वस्तूकडे, उदाहरणार्थ झाडाच्या खोडाकडे, पाहावे. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही रोखू नये. क्षणभर पाहिल्यानेही दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. चांगल्या दुर्बिणीत सावलीतला खोडाचा भाग काळाच राहतो आणि त्यातही बारकावे दिसतात. सामान्य दुर्बिणीत खालच्या अर्ध्या भागात चंद्रकोरीच्या आकाराची पांढरट पट्टी उमटते किंवा सगळ्या चित्रावर धुके आल्यासारखे होते. दुर्बीण हळूहळू वर-खाली कलवून पट्टी केव्हा येते आणि केव्हा जाते, ते पाहावे. दोन दुर्बिणी लगोलग बदलून हेच दृश्य पाहिले, की फरक समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

पट्टी कोठून येते, तेही शोधता येते. दुर्बीण उजळ आकाशाकडे धरून नेत्रिकेपासून वीत-दीड वीत मागे सरकावे आणि तेथे दिसणाऱ्या लहान तेजस्वी वर्तुळाकडे बारकाईने पाहावे. वर्तुळ पूर्ण गोल असावे आणि त्याच्या भोवतीचा भाग काळा असावा. भोवती चंद्रकोरीसारखे उजळ तुकडे दिसत असतील, तर नळीची आतली बाजू किंवा प्रिझमची कड चमकते आहे. संध्याकाळी बाहुली मोठी झाली, की हेच तुकडे तिच्यात शिरतात. वर्तुळाच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या आणि दुर्बीण पोरो प्रिझमची (जिच्यात वस्तुभिंग आणि नेत्रिका एका रेषेत नसतात अशी) असली, तर प्रिझमची काच बीएके४ ऐवजी कमी अपवर्तनांकाच्या बीके७ ची असण्याचा संभव असतो.

रात्री एखाद्या लांबच्या दिव्याकडे पाहून ही पायरी पूर्ण करावी. दिव्याच्या समोरच्या बाजूला त्याच्या खोट्या प्रतिमा तरंगतात का आणि दिव्यातून सरळ रेषेत प्रकाशाचे काटे निघतात का, हे पाहावे. रूफ प्रिझमच्या (सरळ नळ्यांच्या) दुर्बिणीत प्रिझमच्या छपरासारख्या कडेमुळे असा काटा थोडाफार येतोच. तो किती लांब आणि किती ठळक आहे, यावरून प्रिझम किती अचूक घडवले आहे याचा अंदाज येतो.

प्रिझम आणि रंग

लहान दुर्बिणींपैकी बहुतेकांत श्मिट-पेखान प्रकारचे रूफ प्रिझम असते. त्याच्या एका पृष्ठभागावर आरशाचा लेप द्यावाच लागतो. हा लेप ॲल्युमिनियमचा असेल, तर सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित होतो, चांदीचा असेल तर ९५ टक्क्यांहून अधिक, आणि डायइलेक्ट्रिक (अधातूंच्या अनेक पातळ थरांचा) असेल तर ९९ टक्क्यांच्याही पुढे. शिवाय रूफ प्रिझममध्ये प्रकाशाचे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एकत्र येतात, त्यामुळे बारीक तपशिलांचा उठाव कमी होतो. त्यावर उपाय म्हणून त्साइसने १९८८ मध्ये फेज लेप बाजारात आणला. माहितीपत्रकात फेज लेपाचा उल्लेख नसेल, तर तो नाही असे धरूनच चालावे. उलट्या पोरो रचनेच्या लहान दुर्बिणींना आरशाचा आणि फेजचा असे दोन्ही लेप लागत नाहीत, म्हणून कमी खर्चात त्या पुष्कळदा सरस ठरतात. त्यांची वस्तुभिंगे डोळ्यांमधील अंतरापेक्षाही जवळ असतात, त्यामुळे लांबच्या दृश्याची खोली थोडी कमी वाटते, पण जवळची वस्तू दोन्ही डोळ्यांना सहज एकत्र दिसते. पेंटॅक्सची पॅपिलिओ ही दुर्बीण अर्ध्या मीटरवरचे फुलपाखरू दाखवते, ती याच रचनेच्या जोरावर.

रंगाची झाक तपासण्यासाठी दिवसाच्या उजेडात पांढरा कागद ठेवावा आणि दुर्बीण उलटी धरून, म्हणजे वस्तुभिंगाच्या बाजूने, त्याच्याकडे पाहावे. दोन्ही दुर्बिणी शेजारी धरल्या, की एकीतला कागद पिवळट आणि दुसरीतला निळसर आहे, हे लगेच लक्षात येते. किंचित झाक असली, तरी डोळा तिला थोड्याच वेळात सरावतो. या गुणाला फार वजन देऊ नये.

वर्णविपथन, म्हणजे वस्तूंच्या कडांना येणारी रंगीत किनार, पाहण्यासाठी उजळ आकाशासमोरची तार किंवा पर्णहीन फांदी घ्यावी. तिच्या एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी-पिवळी किनार दिसते. ती मध्यभागी जवळजवळ नसावी आणि कडेला सरकताना हळूहळू वाढावी. येथे एक खबरदारी आवश्यक आहे: डोळा नेत्रिकेच्या मध्यावर नसेल, तर चांगल्या दुर्बिणीतही किनार उमटते. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी डोळा जरासा डावी-उजवीकडे हलवून किनार कमी होते का, ते पाहावे.

दृष्टिक्षेत्र आणि त्याच्या कडा

वस्तुभिंगापासून बरोबर १० मीटरवरच्या भिंतीवर मोजपट्टी आडवी चिकटवावी आणि दुर्बिणीतून तिचे किती सेंटिमीटर दिसतात, ते वाचावे. ११९ सेंटिमीटर दिसले, तर १००० मीटरवर ११९ मीटर, म्हणजे ६.८ अंश दृष्टिक्षेत्र आहे. आभासी क्षेत्राचे (विवर्धनानंतर डोळ्याला दिसणाऱ्या क्षेत्राच्या कोनाचे) छापील आकडे एकमेकांशी ताडताना सावध असावे, कारण आठपटीच्या या दुर्बिणीला साध्या गुणाकाराने ५४ अंश मिळतात, तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या सूत्राने सुमारे ५१. वेगवेगळे उत्पादक वेगवेगळी पद्धत वापरतात.

कडा पाहण्यासाठी छापील मजकूर मध्यभागी फोकस करून दुर्बीण अशी वळवावी, की तो मजकूर हळूहळू कडेला जाईल. तो कोठे पुसट होऊ लागतो, ते नोंदवावे. मग मधल्या चाकाने तो पुन्हा स्पष्ट होतो का, हे पाहावे. स्पष्ट झाला, तर दोष क्षेत्राच्या वक्रतेचा आहे आणि तो तरुण डोळ्यांना फारसा खटकत नाही. काही केल्या स्पष्ट झाला नाही, तर दृष्टिवैषम्य किंवा कोमा (कडेचा बिंदू ताणलेला किंवा शेपटीसारखा दिसणे) हा दोष आहे, आणि तो कोणालाही खटकतो. क्षेत्र रुंद पण कडेचा मोठा भाग निरुपयोगी असेल, तर अरुंद पण स्वच्छ क्षेत्राची दुर्बीण मी पसंत करीन. झूमच्या लहान दुर्बिणींना या चाचणीला बसवण्याचीही गरज नाही. कमी विवर्धनावर त्यांचे क्षेत्र नळकांड्यातून पाहिल्यासारखे अरुंद असते.

डोळा किती सहज बसतो

अडीच-तीन मिलिमीटरच्या झोतात बाहुली नेमकी आणून ठेवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि दुर्बिणीची रचना ते सोपे करते किंवा अवघड. हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असे मानून तो शेवटी ढकलला जातो. पण चित्रच मधून मधून काळे पडत असेल, तर त्याच्या तीक्ष्णतेचा उपयोग काय? दुर्बीण खाली ठेवून पुन्हा झटकन डोळ्यांना लावावी. पूर्ण वर्तुळ लगेच दिसते, की शोधावे लागते? डोळे दृश्यात इकडेतिकडे फिरवताना कडेला काळ्या सावल्या येतात का? दुहेरी बिजागरी असेल, तर दोन्ही बाजू सारख्याच उघडल्या आहेत ना, हे दर वेळी पाहावे लागते. चष्मा लावणाऱ्यांनी आयकप (नेत्रिकेभोवतीचे वर-खाली होणारे कडे) पूर्ण खाली करून संपूर्ण क्षेत्र दिसते का ते तपासावे. त्यासाठी आय रिलीफ, म्हणजे संपूर्ण क्षेत्र दिसताना नेत्रिका आणि डोळा यांतील अंतर, साधारण १५ मिमी किंवा अधिक लागतो, आणि लहान दुर्बिणींत तो पुष्कळदा कमी भरतो.

संधिप्रकाश आणि नोंदी

सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास एकाच जागी बसून, दर काही मिनिटांनी दुर्बिणी बदलत एकाच गडद लक्ष्याकडे पाहावे आणि कोणत्या दुर्बिणीत तपशील आधी हरवतात, ते लिहावे. नोंदी करताना दहापैकी गुण देण्याच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक गुणासाठी ‘पहिली बरी’, ‘दुसरी बरी’ किंवा ‘फरक नाही’ एवढेच लिहावे आणि नंतर दुर्बिणींचा क्रम उलटा करून तीच पायरी पुन्हा करावी. क्रम बदलल्यावर मत बदलले, तर तेथे ‘फरक नाही’ असेच धरावे. शेवटी बेरीज करू नये. झाडीतले पक्षी पाहणाऱ्याला भरकटलेल्या प्रकाशाचा निकाल निर्णायक ठरेल, तर स्टेडियममध्ये दिवसा सामना पाहणाऱ्याला डोळा सहज बसणे आणि क्षेत्राची रुंदी अधिक मोलाची.

दुर्बीण ठरल्यावर, घरी न्यायची ती नेमकी नळ्यांची जोडी पुन्हा एकदा तपासावी, कारण एकाच नमुन्याच्या दोन दुर्बिणींतही फरक असतो. दुर्बीण स्थिर ठेवून लांबच्या इमारतीच्या आडव्या कडेवर फोकस करावा आणि डोळे हळूहळू मागे न्यावेत, जोपर्यंत दोन वेगळी वर्तुळे दिसू लागत नाहीत. दोन्हींत ती कड एकाच उंचीवर असावी. एका वर्तुळात ती वर आणि दुसऱ्यात खाली दिसली, तर नळ्या समांतर नाहीत. दुसरी खूण म्हणजे डोळे मिटून दुर्बीण लावावी आणि मग उघडावेत. पहिल्या क्षणी दोन चित्रे दिसून ती सावकाश एकत्र येत असतील, तर मेंदू दुर्बिणीची चूक सांभाळून घेत आहे, आणि अर्ध्या तासाच्या वापरानंतर त्याची किंमत डोकेदुखीच्या रूपाने मोजावी लागते. उभ्या दिशेतील अशी चूक डोळ्यांना जवळजवळ सहन होत नाही, म्हणून बाकी सगळ्या चाचण्यांत पहिली आलेली दुर्बीणही या एका कारणाने परत करून त्याच नमुन्याची दुसरी मागावी.